पुडीवरची लाल खूण

चौगुल्यांनी पोतं उलटं केलं आणि टेबलावर हळदीच्या रिकाम्या पुड्यांचा ढीग पडला. काही पुड्या घसरून माझ्या मांडीवर आल्या.

"मोजा," ते म्हणाले. "तुम्ही सायन्सवाल्या ना? मोजा, ह्यात किती समया धड आहेत."

मी एक पुडी उचलली. वरच्या काठाला समईचं बूड होतं, खालच्या काठाला पुढच्या समईच्या ज्योती. मधल्या जागेत कंपनीचा पत्ता. दुसरी उचलली. तिच्यात समई मानेत कापली होती. तिसरीत पोटात.

"एकही नाही," मी म्हणाले.

"ऐकलं का तोडकर? एकही नाही म्हणे! काय पण आवाज आहे. जसं काय दुसऱ्याच कुणाचं पाप मोजताहेत."

कुपवाडच्या एमआयडीसीत चौगुल्यांचं हळद-कुंकवाचं पॅकिंग होतं. त्या शेडच्या कोपऱ्यात काचेची भिंत घालून केलेल्या ऑफिसात आम्ही चौघं बसलो होतो. टेबलापलीकडे प्रभाकर चौगुले. अलीकडे तोडकर, ज्यांच्या प्रेसमध्ये पुड्यांचा रोल छापला होता. तोडकरांच्या शेजारी त्यांच्या प्रेसमधले बाबरमामा. छपाईला जाणारं प्रत्येक आर्टवर्क तपासून पास करणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आणि मी, विभा मगदूम, जिने ती पुडी डिझाइन केली होती. काचेबाहेर मशीन बंद होतं आणि ऑपरेटर फडक्याने उगाच पत्रा पुसत आमच्याकडे बघत होता.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मला या धंद्यात आठ महिने झाले होते. त्याआधी एम.एस्सी. करून मी कॉलेजात तासावर फिजिक्स शिकवत होते. ते सोडून डिझाइनचं काम धरलं, आणि जे काही काम मिळत होतं ते सगळं तोडकरांच्या प्रेसमधून मिळत होतं.

"चारशे किलो रोल आहे," चौगुले म्हणाले. "नवरात्राला बावीस दिवस. नवा रोल यायला पंचवीस. दुकानदारांना मी काय पाठवू? ही कापलेली देवाची समई?"

"रोलचे दोन लाख दहा हजार होतात," तोडकर माझ्याकडे न बघता म्हणाले. "ते प्रेस सोसणार नाही, हे आधीच सांगतो. छपाईत चूक नाही. जसं आर्टवर्क आलं तसं छापलंय. चूक ज्याच्या टेबलावर झाली त्यानं भरायचे."

माझी आठ महिन्यांची सगळी कमाई मिळून त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"आणि नाही भरले," चौगुले म्हणाले, "तर सांगली, मिरज, इचलकरंजी, कुठं काम मिळतंय ते मी बघतो. कुंकवाची सगळी लाइन माझ्या ओळखीची आहे."

चूक काय होती ते सांगते. पुड्या सुट्या छापल्या जात नाहीत. एका लांबलचक पट्ट्यावर एकाखाली एक छापतात, त्याचा रोल करतात, आणि तो रोल पॅकिंगच्या मशीनवर चढतो. कुठली पुडी कुठं संपली हे मशीनला कळावं म्हणून प्रत्येक पुडीच्या काठाला एक छोटा चौकोन छापलेला असतो. त्याला आय मार्क म्हणतात. मशीनला एक डोळा असतो. त्याला चौकोन दिसला की कात्री पडते. चौकोन दिसला नाही, तर मशीन नुसत्या ठरवलेल्या मापावर कापत सुटतं. प्रत्येक पुडीमागे अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकतं. दहा पुड्यांनंतर काठ जातो, पन्नासनंतर समईची मान.

हा चौकोन बहुतेक काळा असतो. आमचा लाल होता.

तो लाल कसा झाला हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायची सुरुवात कुणी करत नव्हतं. मी केली.

"चौकोनाचा रंग तुम्ही बदलायला लावला होता," मी चौगुल्यांना म्हणाले.

"मी?"

"तुम्ही माझ्या घरी आला होतात. सात तारखेला. सकाळी साडेअकरा ते पावणेदोन."

"बघा, वेळसुद्धा लिहून ठेवतात. पोलिसात भरती व्हायला पाहिजे होतं."

ते माझ्या घरी आले होते. आमच्याकडे पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, डिझायनरच्या शेजारी खुर्ची टाकून बसतं आणि स्क्रीनला बोट लावून रंग, अक्षरं, चित्रं इकडची तिकडे करायला लावतं. मोठ्या शहरात काय करतात मला माहीत नाही. सांगलीत ती रीतच होती. सव्वादोन तास चौगुल्यांचं बोट माझ्या स्क्रीनवर होतं. समई डावीकडे, समई उजवीकडे. समईला पाच वाती की सात. आई स्वयंपाकघरातून दोनदा चहा देऊन गेली आणि दुसऱ्यांदा जाताना माझ्याकडे बघून गेली.

"फिजिक्स शिकून शेवटी रंगच भरायचे होते," ते मध्येच म्हणाले होते, "तर वडिलांनी एवढी फी कशाला भरली? आमच्या घरची पोरगी असती तर बँकेच्या परीक्षेला बसवली असती."

मी समई दोन मिलिमीटर वर घेतली.

मग त्यांचं लक्ष चौकोनाकडे गेलं. "हे काळं काय?" मी सांगितलं. त्यांनी तिथूनच आपल्या आईला फोन लावला, स्पीकरवर. "आक्का, हळदीच्या पुडीवर काळं येतंय बघ कडेला." पलीकडून आक्का कडाडल्या, "काळं? सवाष्णीच्या हातात द्यायची पुडी अन् तिला काळं? अक्कल गहाण टाकलीस व्हय रे? लाल कर म्हणावं त्या बाईला."

"लाल करा," चौगुले म्हणाले.

"हा मशीनसाठी असतो. रंग बदलला तर..."

"तुमचं मत विचारलं का मी? हळद माझी, मशीन माझं, पैसा माझा. तुम्ही चित्र काढणाऱ्या. लाल म्हटलं की लाल करायचं."

मी चौकोनावर क्लिक केलं. लाल भरला. जरा वेळ तशीच स्क्रीनकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली. "इथं सही करा. तारीख घाला."

ही प्रिंट आता माझ्या फाइलमध्ये होती. मी ती काढून हळदीच्या पुड्यांवर ठेवली. लाल चौकोनाभोवती मी पेन्सिलने गोल केला होता, बाजूला लिहिलं होतं, 'काळ्याचा लाल, पार्टीच्या सांगण्यावरून', आणि त्याखाली प्रभाकर चौगुल्यांची लांबलचक सही.

सही घेतल्याशिवाय कागद टेबलावरून उठू द्यायचा नाही, हे मला बाबरमामांनी शिकवलं होतं. प्रेसमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मला रोलची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितात एवढंसुद्धा माहीत नव्हतं. मामांनी मला स्टूल दिलं, आपलं भिंग दिलं, छापलेला रंग म्हणजे चार रंगांचे ठिपके कसे ते दाखवलं. "पोरी," ते म्हणायचे, "चित्र तुला येतंय, ते मी काय शिकवणार? धंदा शीक. पार्टी तोंडानं बोलती ती हवा. कागदावर सही करती ते काम."

तोडकरांनी प्रिंट उचलून बघितली आणि पुढे सरकवली. चौगुल्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही.

"सही माझीच आहे. रंग बघून केली. कुंकवाचा लाल हवा होता, कुंकवाचा लाल दिसला, केली सही. तो लाल मशीनला दिसतोय का नाही, ते मी ठरवायचं? मग तुम्हाला कशाला बोलवलं? मी डॉक्टरला सांगितलं गोळी गोड पाहिजे, तर डॉक्टर साखर देतोय व्हय?"

"पण काळा का दिसतो आणि लाल का नाही?" तोडकर म्हणाले. "लाल तर लांबून दिसतो."

"मशीनच्या डोळ्यातून लाल उजेड पडतो," मी म्हणाले. "पुडीचा पिवळा रंग लाल उजेड परत पाठवतो. लाल रंगही परत पाठवतो. त्या डोळ्याला पुडी आणि चौकोन एकसारखेच दिसतात. काळ्यावरून उजेड परत येत नाही, म्हणून काळा दिसतो."

ऑपरेटर काचेला चिकटून उभा होता.

"आता कसं घडाघडा येतंय," चौगुले हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशी का नाही आलं?"

"त्या दिवशी मी सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, मत विचारलं का."

"अरे वा! म्हणजे माझ्याच गळ्यात."

तोडकरांनी हात वर केला. दोघांच्या भांडणात रोलचं बिल आपल्यावर येऊ नये एवढंच ते बघत होते. पण ते हिशेबी होते, आणि त्यांना एक गोष्ट दिसली होती. प्रिंटवर खाली, उजव्या कोपऱ्यात प्रेसचा शिक्का होता: 'तपासले. छपाईस योग्य.' त्याखाली बाबरमामांची सही.

"बाबर," ते म्हणाले, "हे तुम्ही पास केलंय."

"व्हय."

"आय मार्क लाल आहे हे दिसलं नाही?"

"दिसलं की. दिसलं म्हणून तर फोन केला." मामा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. "मॅडमना विचारलं मी. विभाताई, लाल आलाय, चालंल का, काय बघून केलाय का? त्या फिजिक्सच्या. मशीन त्यांनी बघितलेलं, माप घ्यायला इथं आल्या होत्या. मला उजेडाबिजेडाचं काय कळतंय? आम्ही आजवर काळाच टाकलाय. म्हणून त्यांना विचारलं."

"काय हो मॅडम?" तोडकर म्हणाले. "आला होता फोन?"

"आला होता."

"काय सांगितलं तुम्ही?"

"पार्टीची सही आहे, असं सांगितलं."

"आणि?"

"आणखी काही नाही."

"चालेल, असं सांगितलं?"

मी आठवून उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद घेतले. आठवायची गरज नव्हती.

"नाही. चालेल असं मी म्हटलं नव्हतं."

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"माझं काम डिझाइन देऊन पार्टीची सही घ्यायचं," मी म्हणाले. "ते मी केलं. छपाईला योग्य आहे का, हे प्रेसने तपासायचं असतं. तसा शिक्काच आहे. त्यावर माझी सही नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चौगुल्यांना नवा माणूस सापडला. "म्हणजे तपासणाऱ्यानं फोनवर तपासलं! वा रे तोडकर, काय माणसं ठेवलीत! आंधळ्याला राखणीला बसवलंय. अहो, त्या पोरीला मी काम दिलं ते तुमच्या प्रेसच्या भरवशावर."

तोडकर फटकन उठले. "तीस वर्षं काय केलंत हो बाबर? शिक्के मारले? एका पोरीनं सही आहे म्हटलं की तुमचं डोकं बंद? दोन लाख दहा हजार. तुमच्या ग्रॅच्युइटीतून कापू का सांगा. सांगा की!"

"मालक, मी विचारलं होतं..."

"कुणाला विचारलं? शिक्का कुणाचा आहे? तुमचा का तिचा?"

"माझा."

"मग उद्यापासून मारू नका."

मामा उठले. खिशातलं भिंग काढून त्यांनी टेबलावर, पुड्यांच्या ढिगाशेजारी ठेवलं. ते प्रेसचं होतं. काचेचं दार ढकलून शेडमधून बाहेर गेले. ऑपरेटरनं त्यांना वाट दिली. फाटकापाशी ते थांबलेले मला दिसले. बहुतेक रिक्षा शोधत होते. मग दिसेनासे झाले.

मी पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला.

"रोल वाया जाणार नाही," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"हाच रोल चालेल. एकही समई न कापता. नवरात्राच्या आत. कसं ते मी सांगते. पण आधी मला कागद पाहिजे. या कामात डिझायनरची चूक नाही, असं तुम्ही दोघांनी लिहून द्यायचं. आणि सल्ल्याची फी वेगळी."

"बया!" चौगुले म्हणाले. "ही बाई आमचंच नरडं धरून आम्हालाच श्वास विकतीय."

"नको असेल तर मी जाते."

"बसा," तोडकर म्हणाले.

"कशावरून चालेल?" चौगुले म्हणाले. "आणि नाही चालला तर?"

"नाही चालला तर कागद फाडा. फी देऊ नका."

चौगुल्यांनी आपल्या लेटरहेडवर लिहिलं. मी एक वाक्य बदलायला लावलं. त्यांनी 'सध्या' असा शब्द घातला होता, तो काढायला लावला. दोघांनी सह्या केल्या. तारीख घातली. मी कागद फाइलमध्ये ठेवला आणि मगच बोलले.

"मशीनचा डोळा बदला. लाल उजेडाऐवजी हिरव्या उजेडाचा बसवा. हिरव्या उजेडात पिवळा रंग उजळ राहतो आणि लाल काळा पडतो. मशीनला तुमचा चौकोन काळाच दिसेल, आणि आक्कांना लाल. पुण्यात मिळतो. पाच-सहा हजाराला."

चौगुल्यांनी ढिगातली एक पुडी उचलून तिच्यावरचा लाल चौकोन बघितला. "पाच-सहा हजार," ते म्हणाले.

"हो."

"आणि हे तुम्हाला आता, इथं बसल्या बसल्या सुचलं?"

मी फाइलची नाडी बांधली. तोडकरांनी दार उघडून बाहेर बघितलं. फाटकाकडे कुणी नव्हतं. मामा जाऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील.

तिसऱ्या दिवशी डोळा बसला आणि रोल शेवटच्या मीटरपर्यंत चालला. नवरात्राचा माल वेळेत गेला. पुढच्या आठवड्यात तोडकरांनी मला प्रेसमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही माणूस कडू आहात, पण पक्क्या आहात. आर्टवर्क तपासायचं काम तुम्हीच घ्या आता. प्रत्येक आर्टवर्कमागे ठरवून देऊ."

मी विचारलं, "बाबरमामा?"

"मालाचं नुकसान झालं नाही म्हणून त्यांच्या पैशाला हात लावला नाही. सगळं चुकतं करून दिलं. पण फोनवर विचारून शिक्का मारणारा माणूस मी परत टेबलावर बसवू? तुम्ही बसवाल?"

मी काम घेतलं. शिक्का तोच होता. तोडकरांनी फक्त शाईची गादी नवी आणली होती. कागदावर काय लिहून घ्यायचं, कुणाची सही कुठं संपते आणि कुणाची सुरू होते, हे त्यानंतर मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. चौगुल्यांनीही पुढं माझ्याकडेच काम दिलं. त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची टाकणं मात्र सोडून दिलं.

दोन महिन्यांनी मी मिरजेला गेले. मामांचं घर मार्केटच्या मागच्या गल्लीत होतं. ते ओट्यावर बसून मेथी निवडत होते. समोर कागद पसरलेला, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. मला बघून त्यांनी मान हलवली. बस म्हणाले नाहीत. मी पायरीपाशी उभी राहिले.

"माझं काम आता तुझ्याकडं, असं कळलं."

"हो."

"भिंग बदलून घे. त्याला चरा पडलाय एका कडेला. मला सवय होती, तुला फसवंल."

"घेते."

त्यांनी दोन जुड्या संपवल्या. आतून कुणीतरी कोण आलंय म्हणून विचारलं. ते म्हणाले, "प्रेसमधलं कुणीतरी."

"एक विचारू?" मग ते म्हणाले. "मला काय आता त्याचं करायचं नाही. पण रात्रंदिवस डोक्यात तेच फिरतंय. त्या लाल उजेडाचं तुला कळलं कधी? त्या दिवशी शेडमध्ये?"

"नाही."

"मग?"

"आधीच कळलं होतं. चौगुले शेजारी बसले होते तेव्हा. चौकोनात लाल भरला त्याच क्षणी. मशीनचा लाल ठिपका मी पाहिला होता."

मामांचा हात मेथीच्या काडीवर थांबला.

"अन् हिरव्याचं?"

"कुठल्या हिरव्याचं?"

"चौकोनच हिरवा करायचा होता की. काळ्याच्या जागी हिरवा. मी इथं बसून महिनाभर विचार केला तेव्हा मला कळलं. लाल उजेडात हिरवा बी काळाच दिसंल ना? आक्काला बी चालला असता. चुड्याचा रंग."

"चालला असता."

"तुला सुचलं नव्हतं?"

"सुचलं होतं. तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

गल्लीतून एक सायकल गेली. ती वळेपर्यंत मी उत्तर शोधलं, आणि सापडलं ते बारा वर्षांत मला कधी बदलावंसं वाटलं तरी बदलता आलेलं नाही.

"तो माणूस सव्वादोन तास मला टाकून बोलत होता," मी म्हणाले. "म्हटलं, बघू दे त्यालाच. होऊ दे. त्यानं मला विचारलं नव्हतं."

मामांनी हातातली काडी मोडली. पानं पानांत टाकली, देठ देठांत.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.